पाठफिरवणी

मास्तरांनी आयुष्यात एकाही पोराला शिकवलं नव्हतं. ते कानाची यंत्रं विकत. पण वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी एक गाणं म्हटलं होतं. त्यात खोट्या मिश्या लावून, हातात छडी घेऊन ते शाळामास्तराच्या थाटात बोलत, आणि तेव्हापासून ते नाव त्यांना जे चिकटलं ते चिकटलंच. एरवी अरे-तुरे करणारी बायकोसुद्धा रागावली की 'अहो मास्तर' म्हणायची, आणि तसं ती हाक मारायची तेव्हा घरातलं मांजरही उठून दुसऱ्या खोलीत जायचं.

गाण्याचं नाव 'सर्वांची लाडकी'. बँडचं नाव 'उरलेसुरले'. माणसं तीन. मास्तर गायचे आणि बास गिटार वाजवायचे, त्यांचा मेहुणा ड्रम बडवायचा, आणि तिसरा एक गिटारवाला होता, जो दर दोन वर्षांनी 'आता मी माझं स्वतःचं काहीतरी करणार' असं जाहीर करून बँड सोडायचा आणि पुढच्या कार्यक्रमाला सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा.

शाळेत सगळ्यांच्या आवडीचं कसं व्हावं, याचे नियम त्या गाण्यात होते. मास्तर ते गायचे नाहीत, फळ्यासमोर उभं राहून सांगावेत तसे सांगायचे. नियम पहिला: हसा, पण दुसरा पडल्यावर. नियम दुसरा: मैत्रीण जरूर ठेवा, मात्र आपल्यापेक्षा जरा कमी दिसणारी. नियम तिसरा: कोणाला वगळायचं हे एकटीने ठरवू नका, त्यात सर्वांना सामावून घ्या. मग तिघं मिळून घसा फाटेस्तोवर ओरडायचे, 'मी सर्वांची, सर्वांची, सर्वांची लाडकी!'

हे गाणं मास्तरांनी रागाने लिहिलं होतं. शाळेत असताना दोन वर्षं त्यांच्याशी कोणी बोललं नव्हतं. कारण विशेष काही नव्हतं; अशा गोष्टींना कारण लागत नाही. तो सगळा राग त्यांनी त्या तीन मिनिटांत भरला, आणि ज्या लोकांवर तो काढला होता नेमके तेच लोक त्यावर नाचायला लागले. शाळेतले जुने लाडके आता मोठे होऊन मोठमोठ्या पगारावर बसले होते. ते कंपनीच्या पार्ट्यांत टाय डोक्याला बांधून हे गाणं म्हणायचे. एका शाम्पूवाल्याने ते जाहिरातीत घेतलं. टीका कोणावर आहे हे कोणालाच कळलं नाही, कारण ज्याला त्याला वाटायचं, आपण सोडून बाकीच्यांवर आहे.

गाण्याच्या मधोमध एक प्रकार असे, त्याला हे लोक पाठफिरवणी म्हणत. सगळी वाद्यं थांबत. मास्तर बॅटरीचा झोत गर्दीवर फिरवत आणि एका माणसावर आणून थांबवत. त्यासरशी उरलेल्या सगळ्यांनी त्या माणसाकडे पाठ करायची. मेहुणा काठीवर काठी मारून आठ मोजणार, आठ झाले की सगळ्यांनी गर्रकन वळून शेवटचं ध्रुपद म्हणायचं. सुरुवातीला झोत पडलेली माणसं खरोखर गडबडायची. एक बाई तर रडली होती. मास्तरांना तेव्हा फार बरं वाटलं, की बघा, लागलं की नाही वर्मी! पण गाणं गाजलं आणि पाठफिरवणी व्हावी म्हणून लोक धडपडायला लागले. भडक टोप्या घालून येत, पुढच्या रांगेसाठी हाणामाऱ्या करत. शेवटी बँडने 'माझी पाठफिरवणी झाली' असं छापलेले टीशर्टच काढले. दुसरं गाणं चाललं नाही, तिसरं कोणी ऐकलं नाही, आणि मास्तर कानाच्या यंत्रांकडे वळले. मेहुणा म्हणायचा, आधी आपणच लोकांचे कान घालवले, आता तू दुरुस्त करत बस.

मास्तरांचं दुकान लहान होतं, पण त्यात चारी बाजूंनी जाड फोम लावलेली एक काचेची खोली होती. गिऱ्हाइकाला आत बसवून कानाला हेडफोन लावायचा, बाहेरून माइकवर एकेक शब्द बोलायचा आणि त्याला तो परत म्हणायला सांगायचा. एके दिवशी त्या खोलीत एक मुख्याध्यापिका बसल्या होत्या. मास्तरांच्या लेकीच्याच शाळेच्या. मास्तर बाहेरून म्हणाले, "खिडकी." बाई म्हणाल्या, "खिडकी." मास्तर म्हणाले, "पाऊल." बाईंनी हेडफोन काढला आणि काचेवर टकटक केलं.

"हा आवाज मी ओळखते! तुम्ही ते 'सर्वांची लाडकी'वाले ना?"

मास्तर लाजले. गेल्या काही महिन्यांत पोरापोरींनी त्या गाण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा मोबाइलवर फिरवायला सुरुवात केली होती हे त्यांच्या कानावर आलं होतं. पण मिश्यांमुळे त्यांचा चेहरा कोणी ओळखत नसे, आणि एव्हाना केसही गेले होते.

"काय सुंदर गाणं आहे हो!" बाई खोलीतून बाहेर येत म्हणाल्या. "किती सकारात्मक! आजच्या मुलांना असे नियमच कोणी घालून देत नाही. ते सर्वांना सामावून घेण्याबद्दल आहे ना, ते तर मी स्टाफरूममध्ये लावलंय."

अशा वेळी खरं सांगायचं असतं हे त्यांना ठाऊक होतं. पण बाईंनी लगेच शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं, आणि शेकडो पोरं, मोठं सभागृह, भरपूर दिवे वगैरे ऐकता ऐकता मास्तरांना गाण्याचा अर्थ समजावणं फारसं तातडीचं वाटेना.

मास्तरांची लेक नववीत होती. घरात तिला बिट्टी म्हणत. मास्तर बिट्टीबद्दल मनातून घाबरलेले होते. वर्ष सुरू झालं तेव्हा तिचा फोन सारखा वाजायचा. आता तो तिच्या टेबलावर मुकाट पडलेला असायचा. शाळेतून आली की दप्तर ठेवून सरळ आईच्या कामाच्या खोलीत जायची. आई दातांच्या कवळ्या बनवायची. तिथे प्लॅस्टरच्या साच्यांच्या मधोमध बसून बिट्टी तासन्‌तास गृहपाठ करायची, आणि कोणी काही विचारलं की म्हणायची, "काही नाही." शाळा सोडल्यावर मास्तरांना तीस वर्षांत कुठल्याच गोष्टीची इतकी भीती वाटली नव्हती, जितकी या दोन शब्दांची वाटायला लागली होती. आपल्याला जे भोगावं लागलं ते पोरीच्या वाट्याला येऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

आमंत्रणाची बातमी त्यांनी जेवताना दिली. बिट्टीचा घास हातातच राहिला.

"बाबा, तू नाही म्हण."

"अगं पण का?"

"असंच. नाही म्हण ना प्लीज."

"बापाची लाज वाटते का?" मास्तरांनी हसत विचारलं, पण आतून त्यांना ते लागलं होतं.

"तसं नाहीये."

"मग कसं आहे?"

"काही नाही," बिट्टी म्हणाली आणि ताट उचलून गेली.

"ती नको म्हणतेय ना, मग नको," बायको म्हणाली. "त्यात एवढं विचार करण्यासारखं काय आहे?"

पण विचार करणं हा मास्तरांचा जुना रोग. त्यांनी विचार केला, की पोरगी बुजरी आहे. शाळेत कोणाला पत्ताच नाही की ही कोणाची मुलगी. तो एकदा लागला की झालं! आणि मग त्यांना ती कल्पना सुचली. भर सभागृहात बॅटरीचा झोत बिट्टीवर टाकायचा. ज्या पाठफिरवणीसाठी लोकांनी एकमेकांची डोकी फोडली, ती आपल्या लेकीची करायची. सोमवारपासून पोरी तिच्या मागे गोंडा घोळतील. लाडकेपणाची आयुष्यभर टर उडवून झाल्यावर मास्तर आता पोरीला लाडकी करायला निघाले होते, आणि यात काही विसंगत आहे असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. बापाच्या डोक्यात अशा वेळी फार गोष्टी येत नाहीत.

सरावाच्या वेळी त्यांनी मेहुण्याला सांगितलं. मेहुणा काठ्यांना चिकटपट्टी गुंडाळत होता.

"भाचीला विचारलंस का?"

"विचारलं तर सरप्राइज कसलं?"

"मी आपलं म्हटलं," मेहुणा म्हणाला. बँडमध्ये इतकी वर्षं काढल्यावर त्याला एवढंच कळलं होतं की मास्तरांच्या डोक्यात एकदा शिरलं की ते काढायला जाऊ नये. गिटारवाल्याने मात्र कल्पना उचलून धरली. त्याला सगळ्याच कल्पना आवडायच्या.

कार्यक्रम शनिवारी दुपारी होता. सभागृहाला नवा रंग दिलेला होता आणि त्याचा वास अजून गेला नव्हता. मुख्याध्यापिका बाईंनी भाषणात 'आत्मविश्वास' हा शब्द इतक्या वेळा वापरला की पोरं बोटांवर मोजायला लागली. मग 'उरलेसुरले' मंचावर आले. मास्तरांनी मिश्या लावल्या होत्या. शर्टाची बटणं पोटावर ताणलेली होती, पण छडी फिरवून त्यांनी 'नियम पहिला!' म्हटलं, आणि सगळं सभागृह एका आवाजात पुढचं म्हणायला लागलं. एकेक शब्द पाठ. मास्तरांच्या अंगावर काटा आला. इतक्या तरुण आवाजांत हे गाणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

तिसरा नियम झाला. वाद्यं थांबली. मास्तरांनी बॅटरी पेटवली, झोत भिंतीवरून, पंख्यांवरून खेळवत खेळवत खाली आणला आणि पहिल्या रांगेच्या टोकाला, जिथे बिट्टी मान खाली घालून बसली होती, तिथे नेऊन थांबवला.

कुठूनतरी एक हसणं फुटलं, दबलेलं, नाकातून आलेलं, आणि ते हसणं मास्तरांनी तत्काळ ओळखलं. ते त्यांनी दोन वर्षं रोज ऐकलं होतं.

सगळी पोरं उठून वळली. एरवी लोक वळताना अडखळतात, हसतात, शेजारच्याच्या पायावर पाय देतात. ही पोरं एका झटक्यात वळली, रोजचा सराव असावा तशी. मागे उभे असलेले शिक्षक गंमत म्हणून वळले. बाई वळल्या. समोर नुसत्या पाठी होत्या, आणि त्यांच्या पुढे झोतात बसलेली त्यांची पोर. तिने वर बघितलं. तिच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. 'तूसुद्धा?' एवढंच होतं.

फक्त तिसऱ्या रांगेतली एक उंच, हडकुळी मुलगी वळली नव्हती. ती तशीच सरळ बिट्टीकडे बघत उभी होती.

मेहुण्याने आठ मोजले. कोणी परत फिरलं नाही. मेहुण्याने काठ्या खाली ठेवल्या आणि मास्तरांकडे बघितलं. आता थांबायचं, हे तिथे मंचावरच्या सतरंजीलाही कळलं असतं. मास्तरांनाही कळलं होतं. पण तेवढ्यात त्या शेकडो पाठी डोलायला लागल्या, आणि भिंतीकडे तोंड करून सगळ्या पोरांनी ध्रुपद उचललं. अख्खं सभागृह दणाणलं. इतकं मोठं ध्रुपद मास्तरांना उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं. सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण झालं ते असं, की त्यांचं काळीज उचंबळून आलं, तोंड आपोआप उघडलं, आणि त्यांनी गाणं शेवटपर्यंत म्हटलं.

घरी आल्यावर बिट्टीने आईच्या खोलीत बसून सगळं सांगितलं. रडली नाही. बातम्या वाचाव्यात तशी सांगत गेली. वर्गावर्गात दर सोमवारी ठरतं की पाठफिरवणी कोणाची. मग आठवडाभर त्या मुलाशी कोणी बोलायचं नाही, ते आलं की पाठ करायची, डबा खाताना, बसमध्ये, सगळीकडे. आठवडा झाला की दुसऱ्याचा नंबर. तिचा नंबर लागला तो पुढे सरकलाच नव्हता.

"मग तू बोलली का नाहीस?" मास्तरांनी विचारलं. मिश्यांचा डिंक अजून ओठावर होता.

"काय बोलू? की तुझ्या गाण्यामुळे होतंय? तुझं एकच तर गाणं आहे."

बायकोने हातातली कवळी साच्यावर ठेवली. "अहो मास्तर," ती म्हणाली, "चूक झाली, मान्य. तुम्हाला ठाऊक नव्हतं. पण आठ मोजून झाल्यावर तरी थांबायचं होतंत."

मास्तर खुर्ची ओढून बिट्टीसमोर बसले आणि म्हणाले, "चुकलो मी. आणि नंतर कळत असून गात राहिलो, ते जास्त चुकलो." बिट्टीने मान हलवली. त्यातून माफी दिली की नाही, काही कळलं नाही. ते सोमवारी बाईंकडे जाऊन सगळं सांगणार होते. बिट्टी म्हणाली, "नको. आता तू काहीच करू नकोस."

रविवारी काय झालं, तर कोणीतरी सभागृहातला तो व्हिडिओ टाकला होता आणि तो गावभर झाला. शेकडो पाठी डोलतायत, झोतात एक मुलगी, आणि खाली लिहिलेलं: 'ही त्यांचीच मुलगी आहे!!' लोक वेडे झाले. कसली भारी कल्पना, कसला बाप, कसली नशीबवान पोरगी. गिटारवाल्याने फोन करून सांगितलं, की तीन ठिकाणांहून कार्यक्रमाची विचारणा आहे आणि आपण बँड सोडायचा विचार सध्या पुढे ढकलला आहे. मास्तरांनी फोन बंद करून ठेवला.

सोमवारी त्यांनी दुकान लवकर बंद केलं आणि येऊन दाराशी वाट बघत बसले. बिट्टी आली ती चार मुलींना घेऊन. पाचही जणी हसत होत्या. बिट्टीचा चेहरा असा काही फुललेला होता की मास्तरांचा विश्वास बसेना. कित्येक महिन्यांत हे हसू घरात आलं नव्हतं. पुढे असलेली मुलगी नीटनेटकी, तुळतुळीत वेणीची, नमस्कार करून म्हणाली, "काका, मी मॉनिटर आहे. तुम्ही काय सॉलिड गाता! बिट्टी आम्हाला कधी बोललीच नाही."

मास्तरांना ती मुलगी आवडली नाही आणि तिचे आभारही मानावेसे वाटले. त्यांनी सरबत केलं, ग्लास नेऊन दिले. खोलीतून खिदळणं ऐकू येत होतं आणि त्यात बिट्टीचं हसणं सगळ्यांत मोठं होतं. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मास्तर ते ऐकत राहिले. डोळे भरून आले. सुटलो, त्यांना वाटलं. देवा, एवढं सगळं करूनही सुटलो.

थोड्या वेळाने बिट्टी एकटीच बाहेर आली.

"बाबा, एक काम आहे. पुढच्या महिन्यात शाळेत पुन्हा कार्यक्रम आहे, बक्षीससमारंभाचा. बाई तुला बोलावणार आहेत. तू हो म्हण."

"तूच नको म्हणत होतीस ना?"

"ते तेव्हा. आता हो म्हण. आणि झोत कोणावर टाकायचा ते आम्ही सांगू."

मास्तरांनी हातातला पेला खाली ठेवला. "कोणावर?"

"ती उंच आहे बघ. तिसऱ्या रांगेतली."

"अगं, ती एकटीच तुझ्याकडे बघत होती!"

"म्हणूनच तर," बिट्टी म्हणाली. "सगळे वळले आणि ही वळली नाही. स्वतःला काय समजते! मॉनिटर म्हणाली, अशांनाच शिकवायला लागतं." मग आवाज उतरवून म्हणाली, "मी त्यांना सांगितलंय की माझे बाबा नक्की करतील. आज त्यांनी मला मधे बसवलं, बाबा. डब्याच्या वेळी. मधे."

मास्तरांनी लेकीकडे बघितलं. नाक त्यांचंच होतं, कपाळ आईचं. शाळेतल्या लाडक्यांबद्दल त्यांनी इतकी वर्षं 'ती लोकं' म्हणून गळा काढला होता; आता ती लोकं त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांचंच नाक घेऊन उभी होती.

"मी नाही करणार," ते म्हणाले.

"बाबा!"

"नाही म्हणजे नाही. आणि हे गाणंच मी परत म्हणणार नाही."

"तुला माहितीये का, एकटं बसणं काय असतं?"

"माहितीये," मास्तर म्हणाले. "दोन वर्षं बसलोय."

बिट्टी थबकली. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पण थबकली ती क्षणभरच. "मग तर तुला कळायलाच हवं," ती म्हणाली. "मी परत तिथे जाणार नाहीये."

"त्या मुलीला पाठवून?"

"कोणीतरी जाणारच असतं ना!"

यावर मास्तरांनी जे केलं ते त्यांच्या पायांनी केलं, डोक्याने नव्हे. डोक्याला वेळ मिळाला असता तर त्याने पुन्हा विचार केला असता. ते सरळ खोलीच्या दारात गेले आणि चार मुलींना म्हणाले, "मी त्या मुलीवर झोत टाकणार नाही. कोणावरच टाकणार नाही. बिट्टीने शब्द दिला असेल, तो मी पाळणार नाही."

आतलं हसणं थांबलं. मॉनिटरने बाकीच्यांकडे बघितलं, बाकीच्यांनी मॉनिटरकडे. मग ती उठली, ग्लास नीट टेबलाच्या मधे ठेवला आणि गोड आवाजात म्हणाली, "येतो हं काका." चौघी चपला घालून गेल्या. बिट्टीला कोणी 'उद्या भेटू' म्हटलं नाही. जिन्यावरून खाली जाताना त्यांची कुजबुज ऐकू आली, आणि मग ते नाकातलं हसणं.

मास्तर दाराला धरून उभे होते. शनिवारी त्यांनी नकळत पोरीला एकटं पाडलं होतं. आज समजून उमजून. यातलं दुसरं बरोबर होतं याबद्दल त्यांना जराही शंका नव्हती, आणि त्याने त्यांना काडीचंही बरं वाटत नव्हतं.

बिट्टी भिंतीला टेकून खाली बसली होती. आता मात्र ती रडत होती. "उद्या मी कोणाशेजारी बसू?" तिने विचारलं.

मास्तर तिच्याजवळ जमिनीवर बसले. "त्या उंच मुलीशेजारी बस," ते म्हणाले. "ती सरकून जागा देईल. मी बघितलंय तिला."

बिट्टीने बाहीने डोळे पुसले आणि बापाकडे अशा नजरेने बघितलं, की याला एवढी साधी गोष्ट कळू नये.

"तिच्याशेजारी नाही रे बाबा," ती म्हणाली. "तिच्याशेजारी कोणीच बसत नाही."